साबणाला लागलेले नारिंगी ठिपके : चूक नक्की कोणाची?

आजचा भाग ऐकायला घेण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा, तेलाच्या कॅनचं झाकण उघडा आणि वास घ्या. नुसता वरवर नाही, एक थेंब तळहातावर घेऊन चोळा आणि मग घ्या. भाजल्यासारखा, बियांचा, छान वास आला तर उत्तम. जुन्या चिवड्याच्या डब्याचा वास आला, तर आजची गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

मागच्या काही भागांनंतर कोल्ड प्रोसेस साबण करून बघणाऱ्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. साबण छान झाला, कापला, महिनाभर वाळवला, आणि मग एके दिवशी त्यावर नारिंगी ठिपके दिसायला लागले. हे काय आहे? इंग्रजीत साबण करणारे लोक याला ‘ड्रेडेड ऑरेंज स्पॉट्स’ म्हणतात, थोडक्यात डीओएस. आपण सरळ खवट ठिपके म्हणू.

याचं उत्तर मला पुस्तकातून नाही, ताईच्या लग्नातून मिळालं. तर झालं काय...

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. ताईचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरच्या शेवटी ठरलं. मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, की आहेराला परत द्यायची भेट मी करणार. बाजारातलं काही नको, माझ्या हातचे साबण. आईला पटलं, ताई तर खूशच. गणपती गेले आणि मी कामाला लागले. सहा बॅच, प्रत्येक बॅचला एक किलो तेल, त्यातून शंभर ग्रॅमच्या चौदा वड्या. एकूण 84.

रेसिपी माझीच होती. करडई 40 टक्के, खोबरेल 35, कोकमतेल 15, एरंडेल 10. सुपरफॅट 8 टक्के ठेवला होता. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते, सगळ्या तेलाचा साबण व्हायला जेवढा कॉस्टिक सोडा लागतो, त्यापेक्षा आपण मुद्दाम थोडा कमी घालतो, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि साबण त्वचेला मऊ लागतो. त्या मोकळ्या तेलाचं प्रमाण म्हणजे सुपरफॅट. मला वाटलं, पाहुण्यांना द्यायचाय, जरा जास्तच मऊ होऊ दे.

लग्नाला अकरा दिवस राहिले होते. घरात मामी, काकू आलेल्या. रुखवताचं चाललेलं. मी साबण बांधायला म्हणून ट्रे बाहेर काढले, आणि हातातली वडी तशीच धरून बसले. बदामी रंगाच्या वडीवर मसुराएवढे नारिंगी-तपकिरी ठिपके. बोट लावलं तर जरासे चिकट. वास घेतला तर खवट खोबऱ्याचा. दुसरी वडी घेतली, तिसरी घेतली, तेच.

आणि मग मी काय केलं? मी आईवर ओरडले. सगळ्यांसमोर. कारण करडईचं तेल आईने दिलं होतं. पाच लिटरचा कॅन एप्रिलमध्ये उघडलेला, उन्हाळाभर गॅसच्या शेजारी, खिडकीत. स्वयंपाकाला त्याचा वास बरा येईना म्हणून तिने तो बाजूला ठेवला होता, ‘तुझ्या साबणाला होईल गो’ म्हणून. मी म्हटलं, ‘तुझ्या त्या जुन्या तेलाने वाट लावली सगळ्याची!’ आई काही बोलली नाही. हातातली सुपारी निवडत राहिली. काकूच म्हणाली, ‘अगो, बघ तरी आधी नीट.’

मी बघितलं नाही. खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पण माझी एक सवय चांगली होती. मी प्रत्येक बॅचची वहीत नोंद करते. तारीख, तेल कधीचं, पाणी कुठलं, कुठे वाळत ठेवलं, सगळं. रात्री सगळ्या 84 वड्या अंथरल्या आणि वही उघडली.

इथे जरा थांबू. ठिपका दिसला म्हणजे तो खवटच असतो असं नाही, त्यामुळे आधी ओळख पटवायची. खवट ठिपका पिवळट-नारिंगी ते तपकिरी असतो, बऱ्याचदा तेलकट किंवा चिकट, आणि दिवसागणिक मोठा होतो. वास सगळ्यात खात्रीचा. कोरड्या वडीला येत नसेल तर ठिपक्यावर पाण्याचा हात फिरवा आणि मग हुंगा. वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या साबणात घातल्या तर त्या तपकिरी पडतात आणि भोवती डाग पसरतो, तो खवटपणा नाही. व्हॅनिलाच्या सुगंधाने साबण हळूहळू चॉकलेटी होतो, पण तो सगळीकडून होतो, ठिपक्याठिपक्याने नाही. वरचा पांढरा भुरका थर म्हणजे सोडा ॲश, तो फक्त दिसायला वाईट. आणि पावसाळ्यात वडीवर घामासारखे थेंब येतात, कारण साबणातलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. तेही आपोआप खवट नसतं.

माझे ठिपके मात्र खवटच होते. आता वही काय म्हणाली ते ऐका.

बॅच एक आणि दोन. करडईचं तेल दुकानातून नवीन आणलेलं, पाणी डिस्टिल्ड, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. 28 वड्यांपैकी पाचांवर डाग. बॅच तीन आणि चार. तेल तेच नवीन, पण डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून आमच्या विहिरीचं पाणी. 28 पैकी नऊ वड्यांवर ठिपके. बॅच पाच आणि सहा. नवीन तेल संपलं, म्हणून आईचा जुना कॅन, आणि पाणी विहिरीचं. 28 पैकी 26.

म्हणजे आईच्या तेलाचा वाटा मोठा होता, खरं आहे. पण तीन आणि चार नंबरच्या बॅचला आईचं तेल लागलेलंच नव्हतं! तिथे ठिपके कुठून आले? आणि पहिल्या दोन बॅचमधले ते पाच?

त्या पाचांचं कोडं सगळ्यात आधी सुटलं. वड्या उलट्या केल्या तर डाग एका रेषेत होते. आडव्या-उभ्या रेषा, चौकटी. ट्रेमध्ये जागा पुरली नव्हती म्हणून मी दुसऱ्या बॅचच्या पाच वड्या माळ्यावरच्या जुन्या लोखंडी जाळीवर ठेवल्या होत्या. जाळी गंजलेली. जिथे तार टेकली तिथे डाग. ही चूक शंभर टक्के माझी.

मग पाणी. आमच्याकडे सगळा जांभा दगड. जांभ्याचा लाल रंग लोहाचाच असतो. आमच्या पांढऱ्या बादलीला आतून पिवळट-तांबूस कडा धरते, पांढरे कपडे कालांतराने पिवळे पडतात. आम्हाला त्याची इतकी सवय, की ते लोह आहे हे डोक्यातच येत नाही. ते पाणी मी बिनधास्त साबणात ओतलं होतं.

आता लोहाचा आणि खवटपणाचा संबंध काय? जरासं विज्ञान, घाबरू नका.

तेल खवट होणं म्हणजे साधारण तेलाला गंज चढणं. तेल फॅटी ॲसिडचं बनलेलं असतं. काही फॅटी ॲसिड गडी मजबूत असतात. खोबरेलात बहुतेक तसलीच असतात, म्हणून खोबरेल पुष्कळ टिकतं. काही मात्र नाजूक. लिनोलिक ॲसिड त्यातलं. त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि त्या दोघांच्या मधली जागा म्हणजे कुंपणातलं भगदाड. हवेतला ऑक्सिजन तिथून शिरतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. म्हणून ठिपका एका जागी सुरू होतो आणि पसरत जातो. उष्णता आणि उजेड याला हातभार लावतात. आणि लोह, तांबं यांचा अंश असला, अगदी किंचितसुद्धा, तर हे सगळं फार वेगाने होतं. म्हणूनच आजीचं पितळेचं पातेलं कितीही सुंदर असलं तरी साबणाला वापरायचं नाही, पितळेत तांबं असतं. ॲल्युमिनियमचं तर नाहीच नाही, कॉस्टिक सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टेनलेस स्टील किंवा चांगलं जाड प्लास्टिक, बस.

आता माझी रेसिपी बघा. नेहमीच्या करडईच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलिक ॲसिड असतं. माझ्या साबणात करडई 40 टक्के. म्हणजे एकूण तेलात लिनोलिक तीस टक्क्यांच्या आसपास. साबण करणाऱ्यांचा साधा ठोकताळा असा, की लिनोलिक आणि लिनोलेनिक मिळून पंधरा टक्क्यांच्या आत ठेवावं. मी बरोबर दुप्पट घातलं होतं! वर सुपरफॅट 8 टक्के. मोकळं तेल जितकं जास्त, तितकं खवट व्हायला मिळणारं खाद्य जास्त. आणि काही जणांना वाटतं, मोकळं राहणारं तेल आपण शेवटी घातलेलं भारीतलं तेल असतं. कोल्ड प्रोसेसमध्ये तसं होत नाही, सोडा कोणाचं नाव बघून काम करत नाही. सगळ्या तेलांचं मिश्रण थोडं थोडं मोकळं राहतं, म्हणजे माझ्या बाबतीत करडईसुद्धा.

थोडक्यात, आईचं तेल ही शेवटची काडी होती. गवत मी रचलं होतं.

रात्री साडेबारा वाजता मी खाली गेले. आई जागीच होती, पुड्या बांधत. मी वही तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, ‘आई, पाणी माझं, जाळी माझी, रेसिपी माझी. तेलाचा वास न घेता ते ओतलं, तेही मीच.’ ती वहीकडे बघून म्हणाली, ‘मला काय कळतंय त्यातलं. पण तेल मीही वास घेऊनच बाजूला ठेवलं होतं ना. तुला सांगायला हवं होतं.’ मग म्हणाली, ‘सकाळी काकूसमोर पण सांग.’ सांगितलं. ओरडण्यापेक्षा हे फार अवघड होतं, खरं सांगते.

आता प्रश्न होता साबणांचा. अकरा दिवसांत नवीन करणं शक्यच नव्हतं, वाळायलाच चार ते सहा आठवडे लागतात. मनात एक विचार येऊन गेला, लपवत नाही. ठिपके खरवडून काढले, छान कागदात गुंडाळलं, तर लग्नाच्या दिवशी कोणाला कळणार आहे? घरी जाऊन दोन महिन्यांनी उघडतील तेव्हा बघू. मी ताईला विचारलं. ती म्हणाली, ‘माझ्या लग्नाची आठवण म्हणून लोकांच्या न्हाणीघरात खवट वास यायला हवाय का तुला?’ विषय संपला.

मग निवड केली. पहिल्या दोन बॅचमधल्या स्वच्छ 23 वड्या, तेवढ्याच द्यायच्या. तीन-चार नंबरच्या बॅचमध्येही 19 वड्या स्वच्छ दिसत होत्या, पण त्या नाही दिल्या. त्यांच्यात तेच पाणी होतं. आज ठिपका नाही म्हणजे उद्या येणार नाही असं नसतं. आणि दिलेल्या प्रत्येक वडीवर चिठ्ठी लावली, ‘तीन महिन्यांत वापरा’. बाकीच्यांसाठी आईने घरच्या आमसुलांच्या पुड्या बांधल्या. खरं सांगू? लोक आजही आमसुलांचं नाव काढतात. साबणाबद्दल फार कोणी बोलत नाही. (हसते)

उरलेल्या साबणाचं काय? खवट साबण विरघळवून नव्याने ओतला तर खवटपणा जात नाही, उलट ठिपक्यातला माल सगळ्या साबणात पसरतो. सुगंध घालून वास झाकला तरी तो पुन्हा वर येतो. एखाददुसरा बारीक ठिपका असेल तर तेवढा भाग कापून वडी घरात लगेच वापरून टाका. फार बिघडलेल्या वड्या किसून फरशी पुसायला, पायपुसणी धुवायला. मी तेच केलं. आमची पायपुसणी त्या वर्षी फार स्वच्छ होती.

लग्नानंतर, डिसेंबरमध्ये, मी नीट तपासायचं ठरवलं. पाच छोट्या बॅच, प्रत्येकी 250 ग्रॅम तेलाच्या. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि साबण चांगला झाला, तर कशामुळे झाला ते कधीच कळत नाही.

पहिली बॅच, जुनी रेसिपी, ताजं तेल, डिस्टिल्ड पाणी. दुसरी, तेच सगळं पण विहिरीचं पाणी. तिसरी, डिस्टिल्ड पाणी पण जुनं तेल. चौथी, विहिरीचं पाणी आणि त्यात सायट्रेट, ते काय हे सांगते. पाचवी, रेसिपी नवीन, पाणी विहिरीचं. सगळ्या वड्या एकाच ट्रेमध्ये, कागदावर, एकाच कपाटात.

जुन्या तेलाचा साबण सहाव्या आठवड्यात ठिपकाळला. विहिरीच्या पाण्याचा तिसऱ्या महिन्यात. मे महिन्यापर्यंत पहिल्या बॅचवरही दोन ठिपके आले, म्हणजे सगळं नीट करूनसुद्धा रेसिपी मुळात कच्चीच होती. सायट्रेटवाल्या बॅचवर एक अगदी टाचणीच्या टोकाएवढा. आणि नवीन रेसिपी, विहिरीच्या पाण्यातही, स्वच्छ. ही काही प्रयोगशाळा नाही, प्रत्येक प्रकारच्या तीन-चारच वड्या होत्या. पण मला दिशा कळली.

नवीन रेसिपी अशी. ऑलिव्ह 40 टक्के, खोबरेल 30, कोकमतेल 20, एरंडेल 10. सुपरफॅट 5. यात लिनोलिक साधारण पाच-सहा टक्क्यांवर येतं. कोकमतेल आपल्याकडे भेगांना लावायला असतंच, ते फार टिकाऊ. पण सोड्याचं माप माझं ऐकून घेऊ नका. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो, रेसिपी बदलली की लाय कॅल्क्युलेटरवर नवीन हिशोब करायचाच. आणि वजन ग्रॅममध्ये, डिजिटल काट्यावर. वाटी-चमचा नाही.

आता सायट्रेट. सायट्रिक ॲसिड म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व. ते सोड्याच्या पाण्यात गेलं की त्याचं सोडियम सायट्रेट होतं, आणि ते लोहासारख्या धातूंना पकडून ठेवतं, मोकळं फिरू देत नाही. एक किलो तेलाला 10 ग्रॅम मी घालते. आधी ते पाण्यात विरघळवायचं, मग त्या पाण्यात सोडा थोडा थोडा. पण लक्ष द्या, सायट्रिक ॲसिड सोडा खातं. 10 ग्रॅम निर्जल सायट्रिक ॲसिड 6.24 ग्रॅम कॉस्टिक सोडा खातं. पाकिटावर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर साधारण 5.7 ग्रॅम. तेवढा सोडा जास्तीचा घ्यायचा. नाही घेतला, तर किलोच्या बॅचमध्ये सुपरफॅट सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे खवटपणा थांबवायला गेलात आणि त्यालाच खाऊ घातलंत!

दुसरी मदत म्हणजे रोझमेरी ओलिओरेझिन, किलोभर तेलाला साधारण 1 ग्रॅम. हे तेलात घालायचं, तेल ताजं असतानाच, कॅन उघडल्या दिवशी. रोझमेरीचं सुगंधी तेल वेगळं, ते हे काम करत नाही. आणि कुठलीही गोष्ट खवट झालेलं तेल परत ताजं करत नाही. तेल ताजं आहे तोवरच ते वाचवता येतं.

वाळवण्याची जागा. पेटीत बंद नाही, उन्हात नाही. अंधारी, हवा खेळती, प्लास्टिकच्या ट्रेवर साधा कागद. आठवड्याला वडी उलटायची. कोकणातला पावसाळा असेल तर खोलीत पंखा चालू ठेवा, किंवा सरळ दिवाळीनंतर साबण करा. आणि प्रत्येक बॅचची एक वडी तारीख टाकून बाजूला ठेवा. मी तिला साक्षीदार वडी म्हणते. ती वर्षभर ठेवायची. पुढे काही बिघडलं तर खरं तीच सांगते.

दोन सूचना, मग संपवते. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. गॉगल, हातमोजे, खिडकी उघडी, लहान मुलं बाहेर. आणि घरी वापरणं, भेट देणं ठीक, पण विकायचं मनात असेल तर आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायला परवाना लागतो, साबणही त्यात येतो. ते आधी नीट समजून घ्या.

आणि शेवटचं. ‘खायला नको झालेलं तेल साबणाला चालतं’ हे आपल्या घराघरांत म्हटलं जातं. नाही चालत. जे तेल तुम्ही भाजीत घालणार नाही, ते साबणातही घालू नका. आमच्या घरी आता नवीन नियम आहे. तेल ओतायच्या आधी आई वास घेते, तिचं नाक माझ्यापेक्षा फार तिखट आहे. ती ‘हो’ म्हणाली तरच कॅन माझ्याकडे येतो. ताईच्या बारशाच्या तयारीला लागलोय आता आम्ही. साबण या वेळी फक्त वीस. आमसुलं मात्र आईने आत्ताच वेगळी काढून ठेवलीत.

तुमच्या साबणावर ठिपके आले असतील तर मला लिहा, पण नुसता फोटो नको. तेल कधी उघडलं, पाणी कुठलं आणि वडी कशावर ठेवली, हे तिन्ही लिहा. आणि घरात कोणावर ओरडण्याआधी एकदा वडी उलटी करून बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!